हार घाला, पण सिनेमा अख्खा दाखवा

प्रति,
खान्देशातल्या नगरपालिका, महाविद्यालयांची सांस्कृतिक मंडळं, सार्वजनिक वाचनालयं आणि स्मिता पाटीलच्या नावाने कार्यक्रम ठेवणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

१३ डिसेंबर २०२६ ला स्मिताला जाऊन ४० वर्षं होतात. त्या निमित्ताने शिरपूर, धुळे, जळगाव, नंदुरबारला कार्यक्रम होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कार्यक्रमाचा साचाही ठरलेला आहे. फोटोला हार, 'खान्देशकन्या' या एका शब्दावर उभी असलेली पाच भाषणं, ऑर्केस्ट्रावर 'आज रपट जाएँ', आणि लोक उठायला लागले की कुणाच्या तरी लॅपटॉपवरून एखाद्या सिनेमाची वीस मिनिटं. तीही आडवी ताणलेली. आमचं म्हणणं एवढंच, की भाषणं कमी करा आणि सिनेमा अख्खा, नीट दाखवा. नीट म्हणजे कसा, तेही खाली लिहितो.

आधी बॅनरची एक दुरुस्ती. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. शिरपूर हे वडिलांचं, शिवाजीराव पाटलांचं गाव. त्यामुळे 'शिरपूरची लेक' म्हणा, खुशाल म्हणा, पण 'शिरपुरात जन्मलेली' छापू नका. तिला राष्ट्रीय पुरस्कार दोन मिळाले, 'भूमिका' आणि 'चक्र' साठी. पद्मश्री १९८५ ची. आणि 'चक्र' च्या जाहिरातीत त्या काळी नळावरच्या आंघोळीचं चित्र वापरलं गेलं होतं, तेच उचलून पुन्हा चौकात लावू नका. त्या सिनेमातली झोपडपट्टीतली अम्मा त्या एका चित्रात मावत नाही.

कोणता सिनेमा कुठे

सगळीकडे एकच यादी फिरवायची गरज नाही. आपल्याकडे गावागणिक वेगळा सिनेमा लागू पडतो.

नंदुरबारला 'मिर्च मसाला'. याबद्दल आमच्यात दुमत नाही. केतन मेहतांचा हा सिनेमा स्मिता गेल्यानंतर, १९८७ मध्ये लोकांसमोर आला. इंग्रजांच्या काळातला सौराष्ट्राकडचा मुलूख, मिरची कुटण्याचा कारखाना, सुभेदारापासून पळून आत शिरलेली सोनबाई आणि दार लावून घेणारा म्हातारा अबू मियाँ. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि तोंडाला पदर बांधून बाया देठ खुडत बसलेल्या असतात, त्या बायांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. ठसका कसा लागतो, हाताची आग रात्री कशी झोपू देत नाही, हे त्यांना पडद्यावरच्या नट्यांपेक्षा जास्त माहीत आहे. शेवटी तिखटाची पूड उधळली जाते आणि हातात विळा घेतलेली सोनबाई उभी राहते, तेव्हा पहिली ओळ पाहुण्यांची नको, पथारीवरच्या बायांची हवी. डिसेंबरात पथाऱ्या भर हंगामात असतात. खेळ संध्याकाळी साडेसहाला ठेवला तर दिवसाची मजुरी बुडत नाही.

नवापूर, तळोदा या पट्ट्यात 'भवनी भवाई' (१९८०) दाखवता येईल. भाषा गुजराती, दिग्दर्शक पुन्हा केतन मेहताच. बाकी महाराष्ट्रात त्याला उपशीर्षकं लागतील, इथे लागणार नाहीत. हा फायदा आजवर कुणी घेतलेला दिसत नाही.

धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांसाठी 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथांचं संगीत आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या पायथ्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. कथा सह्याद्रीतल्या ठाकरांची आहे, सातपुड्यातल्या पावरा-भिलांची नाही. प्रास्ताविक करणाऱ्याने 'आपल्या आदिवासींचा सिनेमा' म्हणून सरसकट मोकळं होऊ नये. डोंगर, मध, माशा आणि भगत मात्र ओळखीचे वाटतील. यात गाणी भरपूर आहेत आणि कथा त्यांच्यातूनच पुढे सरकते. वेळ वाचवायला गाणी पळवलीत तर चिंधी आणि नाग्याचं काय झालं ते कुणालाच कळणार नाही.

दूध सोसायटीचं गाव असेल तर 'मंथन' (१९७६). गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, पाहिलेला मात्र फार थोड्यांनी असतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची फोर-के प्रत तयार केली. ती २०२४ मध्ये आधी फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवली गेली आणि मग आपल्याकडे थिएटरांत लागली. म्हणजे चांगली प्रत अस्तित्वात आहे. इंटरनेटवरची धुरकट फाइल दाखवायला आता सबब उरलेली नाही. फॅट कमी लावून भाव पाडणं, सोसायटीच्या निवडणुकीत जात उभी राहणं, यावर गावकऱ्यांना बोलतं करायचं असेल तर आधी सिनेमा आणि मग चर्चा. उलटं केलंत की चेअरमनच बोलत राहतात.

महाविद्यालयांसाठी 'उंबरठा' आणि 'भूमिका'. 'उंबरठा' मधली सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते. कादंबरी शांता निसळांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' सगळ्यांना पाठ असतं, पण सिनेमात ते कुठे येतं आणि का येतं, हे विचारलं तर वर्ग गप्प. 'भूमिका' हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' वर बेतलेली आहे. आमच्या मते स्मिताचं सगळ्यात मोठं काम हेच. पोरसवदा उषापासून थकलेल्या नटीपर्यंतचा प्रवास तिने बाविशीच्या आत केला. 'अर्थ' आवडणारे यावर भांडतील, भांडू देत.

'आक्रोश' आणि 'सद्गती' एकत्र दाखवण्याचा मोह टाळा. दोन्ही चांगले, पण एका रात्रीत दोन्ही पचत नाहीत. 'सद्गती' सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केली. ती तासाभराच्या आत संपते, म्हणून दुसऱ्या मोठ्या सिनेमाच्या आधी बसते. 'चक्र', 'मंडी' आणि 'निशांत' शाळकरी मुलांसमोर नकोत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र सुरुवातीलाच पडद्यावर येतं, ते आयोजकांनी आदल्या दिवशी वाचावं.

परवानगी

'तिकीट लावलेलं नाही, म्हणजे परवानगी नको' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. फुकट दाखवला तरी तो जाहीर खेळच. कायद्यातली सवलत शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या खेळाला आहे, आणि तीही समोर विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक एवढेच असतील तर. फाटक गावाला उघडलं की सवलत संपली. टीव्ही वाहिनीचा शिक्का कोपऱ्यात असलेली फाइल तर परवानगीसहही दाखवू नये, कारण ती बहुधा कापलेली असते.

करायचं ते असं. श्रेयनामावलीत निर्माता म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्यापासून सुरुवात करा. हक्क पुढे विकले गेले असतील तर तोच सांगतो. 'मिर्च मसाला' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या पैशाने झाला, 'मंथन' गुजरातच्या दूध महासंघाच्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आता एनएफडीसीकडेच आहे. पत्रात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, प्रवेश फुकट की तिकिटाने, किती खेळ आणि प्रत कुठल्या स्वरूपात चालेल, हे सगळं पहिल्याच पानावर लिहा. 'आमच्या संस्थेचा गौरवशाली इतिहास' दुसऱ्या पानावर गेला तरी चालतो. दोन महिने हाताशी ठेवा. उत्तर लेखी घ्या, फोनवरचं 'हो हो, दाखवा' पुरत नाही.

चौकट

स्मिताच्या त्या काळातल्या समांतर सिनेमांपैकी बऱ्याच सिनेमांची चौकट आजच्या टीव्हीसारखी लांबट नाही, जुन्या टीव्हीसारखी ४:३ (रुंदी ४, तर उंची ३) च्या जवळची आहे. ती १६:९ च्या पडद्यावर टाकली की डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहतात. इथेच घात होतो. मंडपातला पोरगा रिमोट घेतो आणि 'फुल स्क्रीन' करतो. चित्र सुमारे तेहतीस टक्के आडवं ताणलं जातं आणि स्मिताचा तो उभट, हाडं दिसणारा चेहरा गोबरा होतो. किंवा 'झूम' करतो, मग कपाळ आणि हनुवटी दोन्ही कापली जातात. जी नटी निम्मं काम डोळ्यांनी आणि भुवयांनी करते, तिचं कपाळच कापायचं म्हणजे हद्द झाली.

तपासायची साधी खूण आहे. कपाळावरचं कुंकू समोरून दिसतंय अशा ठिकाणी चित्र थांबवा. ते गोल दिसलं पाहिजे. लंबगोल दिसलं तर प्रोजेक्टरची 'अ‍ॅस्पेक्ट' सेटिंग 'ऑटो' किंवा 'नेटिव्ह' वर न्या आणि लॅपटॉपच्या प्लेअरमध्येही पाहा, कारण ताण दोन्हीकडून पडू शकतो. काळ्या पट्ट्या दिसत असतील तर दिसू द्या.

गंमत अशी की महाविद्यालयांच्या कपाटात धूळ खात पडलेले जुने १०२४ × ७६८ चे प्रोजेक्टर मुळातच ४:३ चे असतात. या सिनेमांना ते नव्या १६:९ वाल्यापेक्षा जास्त शोभतात, कारण सगळा उजेड चित्रावरच पडतो. १६:९ च्या यंत्रावर ४:३ चित्र टाकलं की चौथा हिस्सा उजेड काळ्या पट्ट्यांत जातो.

उजेडाचा हिशेब करून यंत्र मागवा. १२ फूट × ९ फूट पडदा म्हणजे १०८ चौरस फूट. थिएटरसारखं चित्र हवं तर दर चौरस फुटाला १६ ल्युमेन (उजेडाचं माप) धरा, म्हणजे साधारण १,७३० झाले. दिवा जुना झाला की उजेड निम्म्यावर येतो, म्हणून कागदावर ३,५०० ल्युमेनचं यंत्र घ्या. नामांकित कंपनीचे ३,५०० आणि ऑनलाइन तीन-चार हजार रुपयांत मिळणाऱ्या डबीवर छापलेले 'दहा हजार ल्युमेन' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता रंग. प्रोजेक्टर 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' वर ठेवायची आपल्याकडे रीत आहे. 'मिर्च मसाला' ला तिने माती होते. लाल रंग इतका भडकतो, की मिरचीच्या ढिगातली एकेक मिरची, तिची सुरकुती, देठ काही दिसत नाही. लाल रंगाचा एक सपाट गोळा उरतो आणि त्यापुढे उभ्या बायांचे चेहरे तांबडे होतात. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. पहिली दोन मिनिटं चित्र मंद वाटेल, मग डोळा सरावतो. 'भूमिका' च्या वेळी मात्र कशालाच हात लावू नका. त्यात भूतकाळातले प्रसंग मुद्दाम कृष्णधवल आहेत. रंग गेला म्हणून ऑपरेटर केबल हलवतो, सेटिंगात शिरतो, पडद्यावर मेनू नाचतो. त्याला आधी सांगून ठेवा.

आवाज

सगळ्यात जास्त खेळ इथे बिघडतात, आणि दोष दरवेळी 'प्रत जुनी आहे' यावर ढकलला जातो. बहुतेक वेळा दोष एका पिनेचा असतो.

या सिनेमांचा आवाज मोनो आहे, म्हणजे डाव्या आणि उजव्या वाहिनीत तोच आवाज. लॅपटॉपच्या हेडफोनची पिन काढून, जाड पिनेचं अ‍ॅडॉप्टर लावून ती थेट मिक्सरच्या एका बॅलन्स्ड तोंडात खुपसली, की मिक्सर एका वाहिनीतून दुसरी वजा करतो. दोन्हीकडे सारखंच असेल तर वजाबाकी शून्य. स्टिरिओ गाणं लावून चाचणी घेतलेली असते, ते पोकळ का होईना वाजतं, म्हणून सगळे निर्धास्त. सिनेमा सुरू झाला की संवाद गायब, मागे नुसती खरखर. मग 'आवाज येस नही, भो!' चा गजर. उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे. एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना, अशी वायर आणा आणि त्या दोन पिना मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलांत लावा. डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी) असेल तर आणखी बरं, घरघरही जाते. आणि चाचणी सिनेमातल्याच संवादावर घ्या, गाण्यावर नाही.

लग्नाच्या डीजेचे बेस पेटारे आणू नका. माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः ३०० ते ३,००० हर्ट्‌झच्या मधे. जुन्या ध्वनिपट्टीत खाली फक्त गडगड असते, आणि पेटारे तीच वाढवतात. मिक्सरवर १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर एकेक भोंगा किंवा कॉलम पुरतो. दोनशे माणसांना याहून जास्त लागत नाही.

'आक्रोश' ची गोष्ट वेगळी. त्यात लहान्या भिकू जवळजवळ सगळा सिनेमा तोंड उघडत नाही, आणि स्मिताची नागी थोडाच वेळ दिसते, बोलते त्याहून कमी. ती शांतता बिघाड नाही. आवाज वाढवत नेलात तर शेवटच्या किंकाळीला पहिल्या रांगेतली पोरं रडत उठतील.

उपशीर्षकं

'आकालेर सन्धाने' (बंगाली) किंवा 'चिदंबरम' (मल्याळम) दाखवण्याची हिंमत कुणी केली तर मराठी उपशीर्षकं स्वतः करावी लागतील. इंग्रजी उपशीर्षकं यावल-रावेरच्या प्रेक्षकाला काय कामाची? एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरं, पडद्यावर निदान दीड सेकंद. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत, 'सेव्ह' करताना निवडता येते) मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. ज्या लॅपटॉपवर खेळ होणार त्यावरच जोडाक्षरं पाहून घ्या, दुसऱ्यावर नीट दिसली त्याला अर्थ नाही.

दुसरी अडचण गतीची. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेमची), पण टीव्हीसाठी केलेल्या काही प्रती २५ च्या असतात. एकीसाठी केलेली उपशीर्षकं दुसरीवर चढवली की सुरुवातीला जुळतात आणि मग सरकत जातात. दोन तासांच्या शेवटी पावणेपाच मिनिटांचा फरक पडतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांवर खूश होऊ नका, शेवटचं दृश्यही तपासा. (२५ वाल्या प्रतीत गाण्याचा सूरही अर्ध्या स्वराहून थोडा कमी, पण चढतो. लताबाईंचं गाणं जरा कोवळं, घाईत गायल्यासारखं वाटलं तर कारण हे.)

वेळ, वारा, वीज

१७ ऑक्टोबरला आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो, १३ डिसेंबरला सहाच्या आत. पूर्ण अंधार व्हायला आणखी पाऊण तास धरा. उघड्यावरचा भोंगा रात्री दहाला बंद. म्हणजे हातात सव्वातीन-साडेतीन तास, त्यात एक मोठा सिनेमा, फार तर त्याआधी 'सद्गती', आणि भाषणांना उरतात दहा-बारा मिनिटं. हा हिशेब पाहुण्यांना निमंत्रणातच कळवा.

ऑक्टोबरातला खेळ मैदानात चालतो, डिसेंबरातला सभागृहात घ्या. थंडीत म्हातारी माणसं मध्यंतरानंतर थांबत नाहीत आणि तरणी पोरं भरीत पार्टीला पळतात. मैदानात पडद्यामागे काळं कापड लावा, नाहीतर निम्मा उजेड पांढऱ्या कापडातून आरपार जातो. पडदा चारही बाजूंनी आवळून बांधू नका. खालची कड रबरी दोरीने बांधली की वारा आल्यावर पडदा फाटण्याऐवजी जरा हलतो. सतरंजीवर बसणार असतील तर खालची कड जमिनीपासून चार फूट, खुर्च्या असतील तर पाच. ऑक्टोबरात पाखरं प्रोजेक्टरच्या उजेडावर तुटून पडतात. प्रेक्षकांच्या मागे चाळीसेक फुटांवर एक ट्यूबलाइट लावून ठेवा, बरीचशी तिकडे जातात.

वीज जाणारच हे धरून चाला. जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात गरम दिव्याचा पंखा बंद पडला तर दिवा जातो. तो दिवा हजारोंत पडतो. प्रोजेक्टर तीन-साडेतीनशे वॉट खातो. त्याला आणि लॅपटॉपला मिळून एक केव्हीएचा यूपीएस लावा. साउंडचं ओझं त्यावर टाकू नका. खेळ संपल्यावरही दिवा बंद केल्यानंतर पंखा आपणहून थांबेपर्यंत प्लग ओढू नका. मंडपवाल्याला घाई असते, म्हणून प्लगपाशी एक माणूस बसवा.

राहिला शेवट. 'उंबरठा' संपताना सुलभा एकटी आगगाडीत असते. तिथे 'आभारप्रदर्शन' म्हणून माइक चालू करायची आणि सगळे दिवे भक्कन लावायची पद्धत आहे. नावं पूर्ण वर सरकू द्या, मग एकच मागचा दिवा लावा. आभार सिनेमाच्या आधी मानून घ्या.

आपले,
धुळे, जळगाव आणि नंदुरबारचे काही सिनेमावेडे